नकारानंतरचा अर्ज



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. माझा त्यांचा परिचय टपालातून झाला. मी एका निवासी शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवीत होतो आणि त्यांपैकी बरीच वर्षे प्रवेश समितीवर काम करीत होतो. या शाळेतला एखादा विद्यार्थी आमच्याकडे अर्ज करी, तेव्हा त्याच्यासंबंधीचा मुख्याध्यापकांचा अभिप्राय त्यांच्या हस्ताक्षरात येई. त्या अभिप्रायांविषयी मी पुढे बोलणार आहे. आजचा विषय मी निवडला तो त्यांच्याच स्मरणाने.

विषय साधा आहे. मुलाचे गुण बेताचे आहेत. त्याच्यासाठी एका निवासी शाळेत अर्ज केला आणि तेथून नकार आला. आता पुढे काय? लष्कर भागातल्या कितीतरी घरांत वसंत ऋतू हा प्रश्न घेऊनच येतो. पत्र आले की आई गप्प होते, वडील दुसऱ्या शाळेचे माहितीपत्रक मागवतात, आणि अकरा वर्षांचा मुलगा आपण नापास झालो असे समजून गॅलरीत जाऊन बसतो. या तिघांपैकी त्या मुलाशी मात्र त्या दिवशी कुणीच बोलत नाही.

निवासी शाळांचे आकर्षण आपल्या गावाला असणे स्वाभाविक आहे. किल्ला आपल्या डोक्यावरच आहे. १८९७ साली माधवराव महाराज शिंदे यांनी सरदारांच्या मुलांसाठी जी शाळा काढली, तीच पुढे किल्ल्यावर गेली आणि १९३३ पासून सर्वांसाठी खुली झाली. इंदूरचे डेली कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज, राजकोटचे राजकुमार कॉलेज या सर्व संस्थांचा उगम एकाच कल्पनेत आहे. संस्थानिकांची व सरदारांची मुले घरच्या वातावरणातून बाहेर काढून त्यांना शिस्तीत वाढवावे, ही ती कल्पना. १९३५ साली डेहराडूनला सुरू झालेल्या डून स्कूलने तीत वंशाऐवजी गुणवत्तेचा निकष आणण्याचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये सातारा येथे पहिले सैनिक स्कूल निघाले, आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. तिच्या प्रायोगिक शाळांपैकी एक अमरावती जिल्ह्यातली होती. सारांश, दार हळूहळू रुंदावत गेले. परंतु दार जितके रुंदावले, त्याहून कितीतरी अधिक माणसे त्याच्यापुढे उभी राहिली.

म्हणून पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती ही, की नकार म्हणजे नेमके काय. एका नवोदय विद्यालयात सहावीसाठी ऐंशी जागा असतात. एक्याऐंशीव्या मुलाला जो निकाल कळतो, तोच आठशे एकाव्यालाही कळतो. त्या दोघांतले अंतर निकालात दिसत नाही. शिवाय त्या जागांपैकी किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी असतात, त्यामुळे शहरातल्या मुलाला उरलेल्या थोड्या जागांतच स्पर्धा करावी लागते. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत तीनशे गुणांपैकी दीडशे एकट्या गणिताचे असतात. ज्या मुलाची भाषा उत्तम आहे आणि गणित लंगडे आहे, तो तेथे मागे पडणारच. त्याच मुलाला मुलाखतीवर व लेखनावर भर देणारी एखादी खाजगी शाळा आनंदाने घेईल. तेव्हा नकाराचे पत्र मुलाचे मोजमाप नसते. विशिष्ट दिवशी, विशिष्ट मापाने, विशिष्ट संख्येच्या जागांसाठी केलेली ती निवड असते. मी त्या मापाच्या मागच्या बाजूला बसलेला माणूस आहे. अखेरच्या चार जागांसाठी नऊ मुलांच्या फायली टेबलावर असत, आणि त्या नऊ जणांत डावेउजवे करताना आमच्यापैकी कुणालाही पूर्ण खात्री वाटत नसे.

परंतु एवढे सांगून थांबलो तर ते केवळ सांत्वन होईल. बेताचे गुण ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय दुसरा अर्ज करणे म्हणजे तेच पत्र दुसऱ्या पाकिटात घालणे होय.

गुणपत्रिका वाचण्याची एक रीत आहे. सलग तीन वर्षांच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवाव्यात. काही मुलांचे सर्व विषय तिन्ही वर्षे सारखेच खाली असतात. काहींचे दोन वर्षे बरे असतात आणि तिसऱ्या वर्षी एकदम कोसळतात. तेथे बहुधा आजारपण, वडिलांची बदली किंवा घरातला मृत्यू असतो. काहींचा एकच विषय बुडालेला असतो. या तिन्ही मुलांची टक्केवारी एकच असू शकेल, पण ती तीन वेगळी मुले आहेत. पहिल्याला दिनक्रम हवा आहे, दुसऱ्याला वेळ हवा आहे, तिसऱ्याला शिक्षक हवा आहे. प्रवेश समितीतला अनुभवी मनुष्य टक्केवारीकडे फार वेळ पाहत नाही. रेषा कुठे चालली आहे ते तो पाहतो. बेचाळीसवरून त्रेपन्नावर आलेला मुलगा एकाहत्तरावरून साठावर उतरलेल्या मुलापेक्षा आम्हांला पुष्कळदा अधिक आश्वासक वाटे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी या व्यासपीठावर स्पष्ट बोलली पाहिजे. आपले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत हिंदी बोलते, आणि त्याची परीक्षा इंग्रजीत होते. गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना मला वारंवार असे दिसले, की आकडेमोड बिनचूक आहे आणि शाब्दिक उदाहरणे मात्र कोरी सोडली आहेत. तेच उदाहरण मुलाखतीच्या वेळी मी हिंदीत किंवा मराठीत सांगितले, की मुलगा तोंडी उत्तर देई. त्याचे गणित कच्चे नव्हते, वाचन कच्चे होते. अशा मुलाला गणिताची शिकवणी लावून काय उपयोग? सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा मराठीसह अनेक भारतीय भाषांतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच द्यावी लागते, ही गोष्ट ज्या पालकांना वेळेवर ठाऊक असते, ते सहावी ते आठवी ही तीन वर्षे वेगळ्या रीतीने वापरू शकतात. मातृभाषा सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या मुलाला एका भाषेत नीट वाचता येते, त्याला दुसरी भाषा लवकर येते. ज्याला कुठल्याच भाषेत शेवटपर्यंत वाचण्याची सवय नाही, त्याची खरी अडचण असते.

आता नियमांकडे वळू. दुसरी संधी सर्वत्र सारखी नसते. नवोदयची सहावीची निवडपरीक्षा कोणत्याही विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा देता येत नाही. परंतु रिकाम्या झालेल्या जागांसाठी नववीत आणि अकरावीत पुन्हा प्रवेश होतात, आणि सहावीत न निवडलेला मुलगा नववीला बसू शकतो. सैनिक स्कूलमध्येही सहावी आणि नववी अशी दोन दारे आहेत, आणि २०२१-२२ पासून सहावीचे दार मुलींनाही उघडले आहे. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात प्रवेश आठवीत मिळतो. खाजगी निवासी शाळांत सातवी, आठवी, नववी आणि अकरावी या इयत्तांत थोड्याफार जागा निघतात. दहावी व बारावीत मात्र सहसा कुणी घेत नाही, कारण केंद्रीय मंडळाच्या परीक्षेची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. म्हणजे सहावीला नकार मिळालेल्या मुलासमोर नववी हे पुढचे मोठे दार आहे आणि त्याच्या हाती तीन वर्षे आहेत. ही तीन वर्षे दर महिन्याला नवा अर्ज भरण्यात घालवावयाची, की मुलाला उभे करण्यात, हा निर्णय पालकांनी करावयाचा आहे.

वय कमी दाखवून पुन्हा खालच्या इयत्तेत बसविणे, दाखले बदलून आणणे, देणगीचे आमिष दाखविणाऱ्या दलालाच्या हाती पैसे देणे हे मार्ग आपल्याही समाजात चोखाळले जातात. त्यांतला कायद्याचा भाग आपण जाणताच. मला त्याहून मोठी हानी दिसते. मूल हे सारे पाहत असते. आपण आहोत तसे चालणार नाही, आपल्याबद्दल खोटे बोलावे लागते, हा धडा ते त्या वयात घेते आणि तो पुढे कोणतीही शाळा पुसू शकत नाही.

मग मधल्या काळात करावयाचे काय? माझ्या अनुभवाचे सार मी एका वाक्यात सांगतो. बदल अर्जात करू नये, मुलाच्या रोजच्या दिवसात करावा. निवासी शाळेत मुले सुधारतात त्याचे फार मोठे रहस्य नाही. सायंकाळी ठरलेल्या वेळी सर्व मुले एकत्र बसतात, एक शिक्षक हजर असतो, दूरदर्शन बंद असते, भ्रमणध्वनी हातात नसतो, आणि ठरल्या वेळी दिवे मालवले जातात. यातले बरेचसे दोन खोल्यांच्या घरातही घडविता येते. रोज एक तास, एकाच जागी, घरातले एक मोठे माणूस शेजारी स्वतःचे काही वाचीत बसलेले. रोज शाब्दिक उदाहरणे पाचच, परंतु मोठ्याने वाचून. आठवड्यातून एकदा एक पानभर मजकूर स्वतःच्या शब्दांत. एका मुलाच्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते काहीसे निराश झाले. त्यांना एखाद्या नामवंत शिकवणी वर्गाचे नाव हवे होते. पण ते कारकून गृहस्थ नेमाचे होते. दोन वर्षे ते रोज साडेसातला मुलाशेजारी बसले. नववीच्या प्रवेशाला तो मुलगा पुन्हा आमच्याकडे आला, तेव्हा त्याचे गुण काही असामान्य नव्हते, पण त्याने एकही उदाहरण कोरे सोडले नव्हते. आम्ही त्याला घेतले.

दुसरा अर्ज लिहिताना पहिल्या नकाराचा उल्लेख टाळू नये. शाळेच्या दप्तरात तो असतोच. चार ओळी पुरतात : मागील वर्षी अर्ज केला होता, निवड झाली नाही, अमुक विषयात मुलगा मागे होता, त्यानंतर हे केले, आताचे गुण सोबत जोडले आहेत. नकाराचे कारण बहुतेक शाळा कळवीत नाहीत, ते विचारीत बसण्याने हाती काही लागत नाही. पण पुढील वर्षी कोणत्या इयत्तेत जागा अपेक्षित आहेत आणि फेरअर्ज स्वीकारला जातो का, हे दोन प्रश्न विचारले तर सभ्य उत्तर मिळते. मुलाखतीला मुलाला पाठ करून पाठवू नये. ‘तुला येथे का यावेसे वाटते?’ या प्रश्नाला ‘सर्वांगीण विकासासाठी’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले. एका मुलाने सांगितले, ‘घरी अभ्यासाला जागा नाही, आजोबा आजारी आहेत.’ त्याच्या उत्तराने समितीतले सगळे सरळ बसले.

आणि आता त्या अभिप्रायांविषयी. गोपनीय अभिप्रायांत ‘अत्यंत हुशार, आज्ञाधारक, नेतृत्वगुणसंपन्न’ ही विशेषणे इतकी स्वस्त झालेली असतात की ती आम्ही वाचीतही नसू. या शाळेच्या मुख्याध्यापकांचे लेखन निराळे असे. एका मुलाबद्दल त्यांनी लिहिले होते, की इंग्रजी कच्चे आहे, अक्षर वाईट आहे, परंतु दिलेले काम संध्याकाळपर्यंत पुरे करतो आणि झाले नाही तर झाले नाही म्हणून सांगतो. असा अभिप्राय मुलाच्या विरुद्ध जाईल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट होई. ज्या माणसाने उणीव लपविली नाही, त्याने सांगितलेला गुणही आम्ही खरा मानीत असू. दुबळ्या विद्यार्थ्याला प्रामाणिक साक्षीदाराइतकी मदत कशाचीच होत नाही, हे मी त्यांच्या पत्रांवरून शिकलो.

येथवर मी निवासी शाळा हवीच असे गृहीत धरून बोललो. ते गृहीतही तपासले पाहिजे. ‘तिथे घातला की सुधारेल’ असे म्हणणारे पालक वसतिगृहाला एक प्रकारची शिक्षा समजतात आणि मुलालाही ती शिक्षाच वाटते. माझ्या कारकीर्दीत एक मुलगी तीन शाळांचे नकार पचवून चौथ्या ठिकाणी दाखल झाली आणि पहिल्याच सत्राच्या अखेरीस घरी परतली. तिच्यात काही कमी नव्हते. तिला जावयाचे नव्हते, आणि हे तिला कुणी विचारले नव्हते. ज्या मुलाला घरापासून दूर राहण्याची ओढ आहे किंवा ज्याच्या घरी अभ्यासाची सोय नाही, त्याला निवासी शाळा वरदान ठरते. शेजाऱ्यांच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्यालाही हवी, असे असेल तर पहिला नकार ही ईश्वरी कृपा समजावी.

या विषयावर बोलताना विन्स्टन चर्चिल यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८८८ मध्ये ते हॅरो शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसले, तेव्हा लॅटिनच्या उत्तरपत्रिकेत प्रश्नाचा क्रमांक आणि शाईचा डाग यांपलीकडे आपण काही लिहू शकलो नाही, असे त्यांनीच १९३० च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. तरीही मुख्याध्यापक वेल्डन यांनी त्यांना घेतले. गोष्ट गमतीची आहे, पण ती अर्धी सांगितली जाते. चर्चिल हे ड्यूकचे नातू आणि मंत्रिपद भूषविलेल्या गृहस्थाचे चिरंजीव होते. कोऱ्या कागदापलीकडे पाहण्याची सवलत त्या घरातल्या मुलाला मिळाली. कारकुनाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाच्या कोऱ्या कागदापलीकडे कोण पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. छत्रपती शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, म्हणजे राजपुत्रांच्या वसतिगृहात राहिले. त्यांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. मॅट्रिकची पायरीही ते चढू शकले नाहीत. आजच्या कोणत्याही प्रवेश समितीपुढे त्यांची फाईल आली असती तर बेताचे गुण आणि एका वसतिगृहातून गच्छंती एवढेच तिच्यात दिसले असते. त्याच गृहस्थाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मुलाला किती गुण आहेत यापेक्षा त्याला शिकावयाचे आहे का, हे पाहिले जाई. दार बंद झालेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी दार बांधले, याहून मोठा धडा या विषयात मला ठाऊक नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, म्हणूनच माझी विनंती विशेषतः आपणांस आहे. आपल्यापैकी काही जण आज निरनिराळ्या शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर आहेत. नकाराच्या पत्रात दोन ओळी वाढवा. कोणत्या विषयात मुलगा मागे राहिला आणि पुढील प्रवेश कोणत्या इयत्तेत संभवतो, एवढे कळविण्यास खर्च काही येत नाही. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी या शाळेच्या एका वर्गखोलीत सायंकाळी सात ते साडेआठ दिवा लावावा. घरी जागा नसलेली दहा मुले तेथे बसतील आणि आपल्यापैकी एक जण पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसेल. वसतिगृह उभारण्यास जमीन व पैसा लागतो. त्यातला अभ्यासाचा तास मात्र आपण पुढच्या सोमवारपासून सुरू करू शकतो.

पालकांना शेवटी इतकेच सांगतो, की पत्र आले त्या दिवशी प्रथम गॅलरीत जा. मुलाच्या शेजारी बसा. ‘तुला अजून जायचे आहे का?’ असे त्याला विचारा आणि तो जे सांगेल ते पुरते ऐकून घ्या. पुढचा अर्ज करावयाचा की नाही, आणि कोठे करावयाचा, याचा निर्णय त्यानंतर करावा.